रात्रीची वही: ऑटिझम, एडीएचडी, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या झोपेसाठी सुरुवात कुठून करायची

माझ्या लेकाला चौथ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. त्या दिवशी बोलणं, नजर, खेळ, जेवण सगळं विचारलं गेलं. झोपेचं कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. लहान मूल आहे, जागायचंच, असं घरात सगळे म्हणायचे. तो साडेअकराला झोपायचा, अडीचला टक्क जागा व्हायचा आणि पहाटेपर्यंत स्वयंपाकघराच्या फरशीवर स्टीलच्या वाट्या गरगर फिरवत बसायचा. मी ओट्याला टेकून बसायचे. नऊला मला कामावर हजर व्हायचं असायचं.

आता तो अकरा वर्षांचा आहे आणि बहुतेक रात्री नऊ तास सलग झोपतो. आमच्या पालकांच्या गटात नवे आईबाबा आले की त्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळं बघूनच मला कळतं, कुठल्या विषयावर बोलायचंय ते. त्यांना समोर बसवून जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचे डोस इथे मिळणार नाहीत. पण डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी काय करायचं आणि तिथे काय विचारायचं, हे मला नीट सांगता येईल.

आधी मनातून एक गोष्ट काढून टाका

मूल मुद्दाम जागत नाही. तुमचे लाडही त्याला कारण नाहीत. वेगवेगळ्या अभ्यासांत ऑटिझम असलेल्या मुलांपैकी ५० ते ८० टक्क्यांना झोपेचा त्रास आढळला आहे; इतर मुलांत असा त्रास साधारण चारांत एकाला असतो. एडीएचडीमध्येही (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) त्रास असणाऱ्यांचं प्रमाण खूप मोठं आहे, आणि डाउन सिंड्रोममध्ये निम्म्याहून अधिक मुलांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास होतो. अशी मुलं आपल्याकडे थोडी नाहीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासात पाच ठिकाणची २ ते ९ वर्षांची मुलं तपासली होती, त्यात उत्तर गोवाही होता. साधारण आठांत एका मुलाला मेंदूच्या विकासाशी संबंधित काहीतरी अडचण निघाली. म्हणजे तुमच्या बिल्डिंगमध्येही रात्री दोन वाजता आणखी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात दिवा जळत असणार.

कारणं अनेक आहेत आणि बहुतेकदा दोन-तीन एकत्र असतात. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि शरीराला रात्रीची खबर देतं. काही मुलांत ते उशिरा किंवा कमी वाढतं. स्मिथ-मॅजेनिस नावाच्या एका दुर्मीळ जनुकीय आजारात तर ते दिवसा वाढतं, म्हणजे मुलाचं घड्याळच उलटं. कुणाला चादरीची शिवण टोचते, कुणाला फ्रिजचा आवाज सहन होत नाही. आईने दिवा मालवला, आजोबांनी टीव्ही बंद केला, यावरून इतर मुलं 'आता झोपायचं' हे ओळखतात. आपल्या मुलांना त्या खुणा वाचता येत नाहीत. आणि काहींचं चक्क काहीतरी दुखत असतं, फक्त सांगता येत नाही.

अजून एक. झोप न झालेलं मोठं माणूस पेंगतं. झोप न झालेलं मूल बऱ्याचदा उलट जास्त धावतं, चावतं, किंचाळतं. थेरपीत 'आज सहकार्य नाही' असा शेरा मिळतो. त्या शेऱ्यामागे कधीकधी आदल्या रात्रीचे चार तास असतात.

पहिली पायरी: वही

दोन आठवडे काहीही बदलायचं नाही. फक्त लिहायचं. सगळ्यांना लगेच उपाय हवा असतो आणि मी वही काढायला सांगते, तेव्हा चेहरे पडतात. पण या पायरीवर मी अडून बसते, कारण आमच्या घरात जे काही सुधारलं ते या वहीमुळे.

शंभर पानी साधी वही घ्या. रोज एक पान. गादीवर कधी नेलं, झोप खरी कधी लागली, झोपताना कोण जवळ होतं आणि काय करत होतं, रात्री किती वाजता जाग आली, परत किती वेळाने झोपलं, सकाळी कधी उठलं, आपणहून की उठवून. दिवसातली डुलकी, पाच मिनिटांची असली तरी. चहा, कॉफी, कोला, चॉकलेट. शौचाला झालं का. फिट किंवा ताप. कुठलं औषध किती वाजता. रात्री घोरलं का. अंदाजे लिहिलं तरी चालेल. घड्याळाकडे बघत जागू नका.

आमच्या वहीचं एक पान अजून आठवतं. 'मंगळवार. ९.४५ गादी. ११.२० झोप, मी थापटत होते. २.४० जाग. ४.१० झोप. ४.५० जाग. डुलकी: व्हॅनमध्ये ४.३० ते ५.१० (काका म्हणाले).' बारा दिवसांनंतर मी सगळी पानं जमिनीवर पसरून बघितली, तेव्हा दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. एक, शाळेच्या व्हॅनमधून येताना तो रोज चाळीस मिनिटं झोपत होता, संध्याकाळी पाचच्या सुमाराला. ते मला आधी माहीतच नव्हतं. व्हॅनवाल्या काकांना विचारलं तेव्हा कळलं. दुसरी, पहाटेची जाग रोज पावणेपाच ते पाचमध्ये. सोसायटीची पाण्याची मोटर पावणेपाचला सुरू व्हायची आणि पंपाची खोली आमच्या झोपायच्या खोलीखालीच होती. मला तो आवाज ऐकू येणं कधीच थांबलं होतं. त्याला दर वेळी नव्याने ऐकू येत होता. आम्ही गादी दुसऱ्या खोलीत हलवली आणि काकांनी त्याला ड्रायव्हरच्या शेजारी बसवून गप्पा मारत आणायला सुरुवात केली. एक रुपया खर्च झाला नाही आणि रात्रीचा दीड तास परत मिळाला.

एकूण तास मोजताना डुलकीही धरा. साधारण गरज अशी: १ ते २ वर्षं ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षं १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षं ९ ते १२ तास, १३ ते १८ वर्षं ८ ते १० तास. आकड्याला चिकटून बसू नका. मूल आठ तास झोपून दिवसभर ताजंतवानं असेल तर भांडायचं कारण नाही.

दुसरी पायरी: शरीर तपासून घ्या

झोपेची शिस्त लावायच्या आधी ही पायरी. ज्याचं पोट दुखतंय त्याला वेळापत्रक लावून काय होणार?

घोरणं हे गाढ झोपेचं लक्षण आहे, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. आठवड्यातल्या बहुतेक रात्री मूल घोरत असेल, तोंड उघडं ठेवून किंवा मान मागे टाकून झोपत असेल, डोकं घामाने भिजत असेल, मध्येच श्वास थांबून गचका बसत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडिनॉइडच्या गाठी वाढल्या असतील तर श्वासाची वाट अरुंद होते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाने तर घोरलं नाही तरी तीन ते चार वर्षांच्या दरम्यान एकदा स्लीप स्टडी करून घ्यावी, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे. ही तपासणी म्हणजे अंगाला वायरी चिकटवून एक रात्र झोपायचं. आमच्या गटातल्या एका आईने त्यासाठी महिनाभर घरी तयारी केली. रोज झोपताना लेकीच्या कपाळावर, गालावर, छातीवर टिकल्या लावायच्या, बोटाला कपड्याचा चिमटा, नाकाखाली मऊ दोरा. मुलगी त्या रात्री सगळ्या वायरींसकट झोपली.

पाय. झोपताना मूल सारखं पाय झाडत असेल, भिंतीला घासत असेल, 'पायात मुंग्या' म्हणत असेल, तर शरीरातला लोहाचा साठा तपासायला सांगा. त्या तपासणीचं नाव फेरिटिन. हिमोग्लोबिन बरं असूनही फेरिटिन कमी असू शकतं. पायांचा असा त्रास असलेल्या मुलांत ते ५० च्या खाली असेल तर डॉक्टर लोहाचं औषध द्यायचा विचार करतात. माझ्या लेकाचं १४ निघालं होतं. चार पदार्थांवर जगणाऱ्या मुलाचं आणखी काय निघणार! पण लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका, जास्त झालं तर ते विष आहे. आणि सर्दी-तापात ही तपासणी करू नका, आकडा फसवा वाढलेला येतो.

जंतांमुळे रात्री शौचाच्या जागी खाज सुटते आणि मूल तळमळतं. बद्धकोष्ठ, छातीत जळजळ, दातातली कीड, कान. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं) असेल तर स्नायूंचा ताठरपणा आणि स्वतःहून कूस बदलता न येणं. हात नुसता तसाच अंगाखाली अडकला तरी ते मूल रडण्यापलीकडे काय करणार? फिजिओथेरपिस्टकडून उशा लावून झोपवायची पद्धत शिकून घ्या.

रात्री विचित्र काही होत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांना दहा मिनिटं वर्णन सांगण्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ बरा. झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळत उठून बसतं, डोळे उघडे पण ओळख नाही, सकाळी काही आठवत नाही, हा बहुधा 'नाइट टेरर' असतो. उठवायला जाऊ नका, पडू-लागू देऊ नका, बस. पण झटका थोडा वेळच येतो, दर वेळी हुबेहूब तसाच येतो, एका रात्रीत अनेकदा येतो, तर ती फिट असू शकते आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी बघायला हवं. ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सीत फिटचं प्रमाण जास्त असतं.

चालू औषधंही विचारा. एडीएचडीची काही औषधं दुपारनंतर दिली तर झोप लांबते. वेळ बदलायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त विचारा.

तिसरी पायरी: सकाळ, संध्याकाळ आणि अंथरूण

झोपायची वेळ पक्की करायला सगळे धडपडतात. माझा सल्ला, उठायची वेळ आधी पक्की करा. रात्र कशीही गेली असो, रविवार असो, सकाळी त्याच वेळेला उठवायचं आणि पंधरा-वीस मिनिटं गॅलरीत किंवा अंगणात उजेडात न्यायचं. शरीराचं घड्याळ उजेडावर लागतं.

संध्याकाळी त्याच्या उलट. झोपेआधी तासभर मोबाइल आणि टीव्ही बंद. लहान मुलांचं मेलाटोनिन उजेडाने मोठ्यांपेक्षा जास्त दबतं. मला माहीत आहे, त्या तासातच स्वयंपाक असतो आणि मोबाइल हातातून काढला की घर डोक्यावर. आम्ही मोबाइलच्या जागी कणकेचा गोळा दिला. तो मळायचा, मी पोळ्या लाटायचे. ट्यूबलाइट बंद करून पिवळा बल्ब लावायचा आणि झोपताना झिरोचा.

मग रोज त्याच क्रमाने चार-पाच गोष्टी: जेवण, दात, कोमट पाण्याने हातपाय किंवा अंघोळ, नाइट ड्रेस, एक गाणं. त्यांचे फोटो काढून पुठ्ठ्यावर चिकटवा, मूल प्रत्येक गोष्ट झाली की फोटो काढून डब्यात टाकेल. बाजारातली चित्रं नकोत. स्वतःच्या ब्रशचा, स्वतःच्या बादलीचा फोटो त्याला लवकर कळतो.

अंथरुणात स्वतः दहा मिनिटं पडून बघा. पंख्याचा रेग्युलेटर खटखटतो का? समोरच्या दुकानाची पाटी भिंतीवर लुकलुकते का? शर्टचं लेबल कापलं का? काहींना जड पांघरूण आवडतं. त्यासाठी बाहेरून हजारो रुपयांचं वजनदार ब्लँकेट मागवण्याआधी हे ऐका: २०१४ साली ब्रिटनमध्ये ऑटिझम असलेल्या ६७ मुलांवर त्याची चाचणी झाली, झोप वाढली नाही. मुलांना आणि आईबाबांना ते आवडलं मात्र. आजीची जुन्या लुगड्यांची गोधडी त्याच कामाला पुरते. मुलाला ती स्वतःहून बाजूला करता आली पाहिजे; तान्ह्या बाळाला आणि हालचाल न जमणाऱ्या मुलाला जड काही घालू नका.

चौथी पायरी: झोप लागतानाची सवय

आपण सगळेच रात्री अनेकदा क्षणभर जागे होतो, आजूबाजूला सगळं जसंच्या तसं आहे हे बघतो आणि परत झोपतो. मूल आईच्या थापटण्यावर झोपलं असेल तर अडीच वाजता त्याला थापटणारा हात दिसत नाही. झोप लागताना जे होतं, तेच त्याला पुन्हा हवं असतं.

परदेशी सल्ल्यांत मुलाला वेगळ्या खोलीत ठेवायला सांगतात. दोन खोल्यांच्या घरात ते शक्य नाही आणि गरजही नाही. आम्ही एकाच खोलीत झोपतो. बदललं ते एवढंच: आधी थापटणं, मग नुसता हात पाठीवर, मग हात गादीवर, मग मी शेजारी बसलेली, मग माझी गादी दोन हात लांब. प्रत्येक टप्प्याला आठवडा, कधी दोन. अडीच महिने लागले.

वेळ पुढे ओढायची पद्धत वेगळी आहे. वहीत खरी झोप ११.२० ला लागत असेल तर ९.४५ ला गादीवर नेऊन दीड तास झगडू नका. थेट साडेअकराला न्या. चार-पाच रात्री पटकन झोप लागायला लागली की सव्वाअकरा, मग अकरा. सकाळी उठायची वेळ तीच. दुपारी डुलकी घेऊन झोप भरून काढू द्यायची नाही. आपल्या मनाला हे पटत नाही, पण गादी म्हणजे भांडणाची जागा हे त्याच्या डोक्यातून जायला हाच मार्ग सरळ आहे.

कुठलीही नवी शिस्त लावली की तिसऱ्या-चौथ्या रात्री मूल पूर्वीपेक्षा जास्त रडतं. नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी म्हणतं, 'राहू दे गं, कशाला रडवतेस.' त्यामुळे सुरू करण्याआधी सगळ्यांना बसवून सांगा. माझ्या सासूबाईंना मी वही दाखवली. त्या दृष्ट काढत राहिल्या, मी वेळ पाळत राहिले. दोन्हींचं भांडण नव्हतं. रडणं सहन होण्यापलीकडचं असेल, मूल स्वतःला इजा करून घेत असेल, तर थांबा आणि थेरपिस्टच्या मदतीने करा. आणि एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

रात्री उठलंच तर

दिवा लावू नका, गप्पा नकोत, खाऊ नको, मोबाइल तर नकोच. 'रात्र आहे, झोपायचं' हे एकच वाक्य, दर वेळी तेच.

जे मूल उठून हिंडतं त्याच्यासाठी सुरक्षा आधी. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद. मुख्य दाराला उंचावर कडी. गॅलरीला जाळी, औषधं कुलपात, पाण्याची भरलेली बादली बाथरूममध्ये ठेवायची नाही. खोलीच्या दाराला छोटी घंटा बांधा. डोळा लागला तरी कळतं.

औषधाबद्दल

मेलाटोनिनबद्दल हमखास विचारलं जातं. ऑटिझममधल्या निद्रानाशावर अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा क्रम असा: आधी शारीरिक कारणं आणि चालू औषधं तपासा, मग सवयींचे उपाय, ते पुरले नाहीत तर मेलाटोनिन, कमी मात्रेपासून, डॉक्टरांच्या देखरेखीत. झोप लवकर लागायला त्याचा चांगला उपयोग होतो. माझ्या लेकाला वर्षभर दिलं, मग हळूहळू बंद झालं. औषध द्यावं लागलं म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. पण अमेरिकेतल्या मावशीने पाठवलेल्या मेलाटोनिनच्या गमी (चघळायच्या गोळ्या) देऊ नका. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दुकानातली ३१ उत्पादनं तपासली. कशात लेबलवर लिहिल्यापेक्षा ८३ टक्के कमी, तर कशात ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन निघालं.

सर्दी-खोकल्याचं गुंगीचं औषध झोपेसाठी देऊ नका, काही मुलं त्याने उलट बेभान होतात. जायफळही तसंच. चिमूटभर जायफळ खिरीत असतं ते वेगळं; रोज दुधात उगाळून वाढवत नेलं तर त्याची विषबाधा होते.

कुठे दाखवायचं

आधी तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. सोबत वही, व्हिडिओ आणि औषधांची यादी. सरकारी व्यवस्थेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि पुढे जिल्हा स्तरावरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (इंग्रजी आद्याक्षरांनी डीईआयसी) पाठवतात. जिल्हा रुग्णालयात जाऊन 'डीईआयसी कुठे आहे' विचारा. खाजगीत विकासात्मक बालरोगतज्ज्ञ (मुलांच्या वाढ-विकासातल्या अडचणी बघणारे डॉक्टर) आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणारे). त्यांना पहिलंच वाक्य झोपेचं सांगा, शेवटी दाराशी उभं राहून नको.

मे महिन्यात पाहुणे येतील, गणपतीत आरत्या रात्री उशिरापर्यंत चालतील, ताप येईल, आणि जमवलेलं मोडेल. आमचं दर वर्षी मोडतं. मग पुन्हा वही काढायची आणि सकाळच्या वेळेपासून लागायचं. दुसऱ्यांदा सहसा कमी दिवस लागतात.

आणि तुम्ही. आमच्याकडे सोमवार, बुधवार, शुक्रवार नवऱ्याचे, त्या रात्री मी दुसऱ्या खोलीत कानात कापूस घालून झोपते. एकटी आई असेल तर आठवड्यातली एक रात्र बहिणीला, आईला, मैत्रिणीला मागून घ्या. मला हे मागायला दोन वर्षं लागली. तुम्ही या शनिवारीच मागा.